आधी हात दाखवा

मंगळवार, ता. ४

चि. उंटीण हिला,
आईचे पोटभर आशीर्वाद. तू हल्ली उंचावर असतेस, वर पोचता पोचता थोडे सांडतील, म्हणून मूठभर जास्तीचे घातलेत.

तर सगळ्यात आधी आली ती चष्मेवाली बाई, मुलांच्या कचेरीतली. तिच्या मागून एक फाइलवाले गृहस्थ, तीन जिने चढून जीव घशात आलेला. भुंगीच्या आत्याने अर्ज टाकलाय ना, की मुलीची आई परगावी क्रेन चालवायला शिकतेय, मूल म्हातारीपाशी आहे, तर पुढचं वर्षभर ते माझ्याकडे द्या. त्याचीच ही चौकशी. येणार येणार म्हणून मी आठ दिवस पलंगावर नवी चादर घालून बसले होते, आणि ते आले नेमके मी घरात नसताना. लगेच कपाळाला हात लावू नकोस, पुढे वाच.

मी खाली शिंप्याकडे गेले होते. अकरा शर्टांची काजं करून झाली होती, म्हटलं देऊन येते, पाच मिनिटांचं काम. पण त्या शिंप्याचं तोंड म्हणजे पायाने चालवायचं मशीन, एकदा सुरू झालं की शिवण उसवल्याशिवाय थांबत नाही. त्याच्या मेव्हण्याचं कोटाचं माप चुकलं ते सांगत बसला. मीही बसले. भुंगीला आतून कडी लावायला सांगून गेले होते, आणि माझा आवाज ऐकल्याशिवाय काढायची नाही हेही.

आता ऐक तुझ्या लेकीचं. बाईने दार वाजवलं. भुंगीने आतून विचारलं कोण. बाई म्हणाली, कचेरीतून आलोय. भुंगी म्हणाली, आधी हात दाखवा, पत्रं टाकायच्या फटीतून. शेळीच्या पिल्लांची गोष्ट मी तिला सांगितलेली, लांडगा आवाज बदलतो पण पंजा बदलता येत नाही. बाई बिचारी समजूतदार, तिने हात आत घातला. पण आपल्या जिन्याला सध्या चुना देताहेत, आणि ती येताना भिंतीला धरत आलेली. हात पांढराफटक! भुंगी म्हणाली, पीठ लावून आलायस, मला माहितीय, जा. आणि फट लावून घेतली.

मग फाइलवाल्यांनी हात दाखवला. त्यांच्या बोटांना शाई. भुंगीला तो हात पसंत पडला, पण दार नाही उघडलं, नुसतं सांगितलं की आजी येईपर्यंत पायरीवर बसा. थोड्या वेळाने फटीतून दोन बिस्किटंही सरकवली. का, तर लांडग्याचं पोट भरलेलं असलं म्हणजे तो कुणाला खात नाही. हे मी शिकवलेलं नाही, हे तिचं डोकं.

मी वर आले तर दोघं पायरीवर बिस्किटं खात बसलेली, पाठीला चुन्याचे पट्टे. मला इतकं हसू आलं, इतका आनंद झाला, की मी त्यांना या, बसा म्हणायच्या आधी दारातूनच भुंगीला शाबासकी दिली.

मग प्रश्न सुरू. मूल कुठे झोपतं, काय खातं, तुम्ही खाली जाता तेव्हा किती वेळ जाता. मी सगळं खरं सांगितलं. तुमच्याकडून मूल काय शिकतं असं बाईने विचारलं. म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली, मला गोष्टीच येतात, पण त्या मी कामाला लावते. नुसतं राजकन्या झोपली आणि राजपुत्र आला, याचा काय उपयोग? मी सांगते, शंभर वर्षं झोपली आणि एकाने हाक मारली नाही, म्हणून ज्या घरात सकाळी चहाला उठवतात त्याच घरात राहावं. चप्पल पायात बसली म्हणून लग्न ठरवू नये, आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालून बघावं. सात गाद्यांखालचा वाटाणा टोचला, तर मुलगी नाजूक नव्हे, गाद्या कुणी झटकल्या नाहीत. फाइलवाले हसले. बाई हसली नाही, लिहीत होती. खूप लिहीत होती. मला वाटतं तिला आवडलं असावं.

भुंगी मजेत आहे. दिवसभर गुणगुणते, म्हणून तर तिला भुंगी म्हणतो, जसं लांब मानेवरून तुला उंटीण. तू वारा असला की वर चढू नकोस.
लोभ आहेच, तो आणखी वाढला तर पाकिटात मावायचा नाही.
तुझी आई


शुक्रवार, ता. ७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी केबिनमध्ये बसून वाचलं, जमिनीपासून साठ मीटर वर. खाली वाचलं असतं तर बरं झालं असतं, निदान पाय तरी जमिनीवर असते.

आई, त्या बाईला आवडलेलं नाही. कचेरीचं पत्र तुझ्या पत्राबरोबरच आलं. त्यात लिहिलंय की पाच वर्षांचं मूल बंद दाराआड वीस मिनिटं एकटं आढळलं. बिस्किटांचं त्यात काही नाही. निर्णय महिनाअखेरच्या आत होणार आणि त्याआधी ते पुन्हा येणार, न सांगता.

माझी परीक्षा एकोणीस तारखेला आहे. ती झाली की तीन महिने इथेच उमेदवारी, आणि मग आपल्याकडच्या पुलाच्या कामावर जागा नक्की. आत्ता उतरले तर पाच महिने पाण्यात. नाही उतरले आणि त्यांनी भुंगीला वर्षभर तिकडे पाठवलं, तर वर्षानंतर ती मला ओळखेल, पण माझ्याकडे यायला निघेल का? पाच वर्षांच्या मुलीला वर्ष म्हणजे केवढं असतं!

म्हणून हात जोडून तीन गोष्टी सांगते. एक, तिला क्षणभरही एकटं सोडू नकोस, काजं राहिली तर राहू देत. दोन, कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही एवढंच म्हण. तीन, गोष्टी बंद. निदान या महिन्यापुरत्या. आणि भुंगीच्या आत्याबद्दल वाकडं बोलू नकोस. हे गेल्यावर तिने भुंगीला चार दिवस मागितलं होतं तेव्हा मी तिला नको ते बोलले, आणि तेव्हापासून आम्ही दोघी गप्प आहोत. चूक माझी होती. पण आता अर्ज तिचा आहे.

तू नुसतं ये म्हण, मी त्याच दिवशी उतरते. आमचे उस्ताद म्हणतात, हाताला घाम आला तर क्रेनचा आकडा हलतो, आणि आकडा हलला की खालच्याच्या डोक्यावर. माझ्या हाताला दोन दिवस घाम आहे.
भुंगीचा पापा. माया आहेच, पण या महिन्यात जरा धाकही वाटू दे.
तुझी
उंटीण


सोमवार, ता. १०

चि. उंटीण हिला,
आईचे आशीर्वाद, या वेळी मोजून मापून, कारण तू रागावली आहेस.

वीस मिनिटं म्हणजे त्यांनी माझा जिना चढायचा वेळही धरला. पण जाऊ दे. चुकलं ते चुकलं. पत्र वाचल्यावर मला घास गेला नाही. ती बाई लिहीत होती तेव्हा मी तोंडभर हसत होते, हे आठवून माझं मलाच कसंतरी झालं. म्हातारपणी माणसाला वाटतं आपल्याला माणसं कळतात.

तू येऊ नकोस. हे मी आधी लिहिते म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. डोंगरावरचं पाणी आणायला गेलेल्या तिघा भावांची गोष्ट तुला लहानपणी सांगितलीय. मागून हाका येतात, जो वळून बघतो त्याचा दगड होतो. तुझं पाणी आता हाताच्या अंतरावर आहे. खालून मी जरी हाक मारली तरी वळायचं नाही.

आता एकटं सोडायचं म्हणशील, तर त्याचा बंदोबस्त केला. आणि तो गोष्टीनेच केला, राग मानू नकोस. मनोऱ्यात कोंडलेली ती लांब केसांची मुलगी आठव. अख्खा माणूस वेणीला लटकवून वर घ्यायचा म्हणजे मानेचं काय होईल, याचा कुणी विचारच करत नाही. टोपली सोडली असती तर भाजी, औषध, निरोप सगळं वर आलं असतं. शिंप्याचं दुकान आपल्या खिडकीच्या बरोबर खाली. मी टोपलीला दोर बांधला. त्याने शीळ घातली की मी टोपली सोडते, तो कापड घालतो, काजं झाली की तशीच खाली. शनिवारपासून उंबरा ओलांडलेला नाही. शिंप्याच्या गप्पाही वाचल्या, त्याला आता वर मान करून बोलावं लागतं, म्हणून लवकर आवरतो.

गोष्टी बंद करायचं तेवढं जमलं नाही, खोटं कशाला सांगू. दोन दिवस केल्या बंद. भुंगी गुणगुणायचीच थांबली. मला विचारते, कचेरी म्हणजे लांडगा का, आणि तो मला कुठे नेणार. अशा वेळी हो किंवा नाही कसं म्हणू? मग मी तिला मिठाईच्या घराची गोष्ट सांगितली, म्हणजे परक्याच्या घरच्या गोडाला भुलायचं नाही हे तिच्या मनात बसेल. जरा तिखटमीठ लावलं. चेटकिणीच्या नाकावर तीळ दिला, तिच्या आत्याला आहे तसा. घरामागे मोठी भट्टी दिली, बेकरीत असते तशी. आत्याची बेकरी आहे यात माझं काही खोटं नाही. मी नाव कुणाचं घेतलं नाही. पण समजा उद्या कुणी गोडधोड घेऊन न्यायला आलं, तर पोर आपण होऊन जाणार नाही, एवढी सोय केली.

हाताला घाम येतो तर पावडर लावत जा. माया नेहमीचीच, धाक मात्र मला येत नाही गं, तेवढं तुझं तू समजून घे.
तुझी आई


शुक्रवार, ता. १४

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

दीड वर्षाने लिहिते आहे, तेव्हा हातचं काही राखून ठेवत नाही.

काल मी तुझ्या आईकडे, मावशींकडे, गेले होते. कचेरीतले फाइलवाले बरोबर होते, नातलगाची आणि मुलाची भेट त्यांच्यासमोर व्हावी असा नियम आहे. येताना बेकरीतून साखरेची बिस्किटं नेली होती. मावशी दारात आल्या, माझ्या हातातला डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना बरं नाही.

भुंगी समोर आली. माझ्या भावाचेच डोळे आहेत. तिने डबा घेतला नाही. माझ्या नाकाकडे बघितलं, आणि विचारलं, तुझ्या घरी भट्टी आहे का? मी बेकरीवाली, मी म्हटलं, आहेत की, चांगल्या दोन. वहिनी, ते पोर किंचाळलं. पलंगाखाली शिरलं ते तासभर बाहेर आलं नाही. मी खाली वाकून बोलायला गेले, तर आतून ती मला सांगत होती की मी बारीक आहे, माझ्यात काही मांस नाही.

फाइलवाल्यांनी सगळं टिपून घेतलं. जिन्यात मला म्हणाले की मुलाच्या मनात नातलगांची भीती घातलीय अशी नोंद झाली, तर आजीकडे मूल राहणं कठीण. थोडक्यात, वहिनी, मी जिंकले. घरी येऊन मी तीच बिस्किटं एकटीने खाल्ली.

तुला वाटत असेल मला ती हिरावून घ्यायचीय. भाऊ गेला तेव्हा तुम्ही दार लावलंत. मग कुणीतरी सांगितलं की तू परगावी आहेस आणि मूल म्हातारीजवळ कोंडलेलं असतं. साधं विचारायला यायची मला चोरी होती, म्हणून अर्ज केला. अर्जाला तरी उत्तर द्यावं लागतं.

चष्मेवाल्या बाईंनी गुरुवारपर्यंत माझं शेवटचं म्हणणं लेखी मागितलंय. काय लिहावं ते मला कळत नाही. ज्या पोरीला माझी एवढी भीती वाटते तिला घरी आणून मी काय करू, आणि तिच्या मनात ती भीती घालणाऱ्यापाशी तिला ठेवू तरी कशी?

तुझं काही म्हणणं असेल तर कळव. लोभ होता, तो कुठे ठेवला गेला ते दोघींनी शोधू.
तुझी
नणंद


सोमवार, ता. १७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

भुंगीच्या आत्याचं पत्र आलं. नाकावरचा तीळ, आई! तिला काय वाटलं असेल?

परवा परीक्षा आहे. रागवायलाही वेळ नाही. वन्संना मी लिहिलं आहे, माफी मागितली आहे, दीड वर्षापूर्वीच मागायला हवी होती ती. भुंगी हवी तेव्हा त्यांच्याकडे जाईल हेही लिहिलं. पण पलंगाखालचं पोर माझ्या पत्राने बाहेर यायचं नाही. ती गोष्ट तू घातलीस, आता तूच ती काढ. कशी ते मला माहीत नाही. बुधवारपर्यंत काढ, कारण गुरुवारी वन्संचं म्हणणं कचेरीत जाणार.

मी वळून बघत नाहीये, तू सांगितलंस म्हणून. पण मान फार दुखते.
तुझी
उंटीण


शनिवार, ता. २२

चि. उंटीण हिला,
आईचे आशीर्वाद, या वेळी टोपलीभर. तुझी तार काल आली, पास झालीस. शिंप्याने ती टोपलीत घालून वर पाठवली आणि शीळ अशी घातली की समोरच्या खिडक्या उघडल्या. मी काय केलं ते विचारू नकोस. एका शर्टाला पुढे सात काजं हवीत, तिथे आठ झाली, एवढंच सांगते.

आता बुधवारचं ऐक. तुझं पत्र मंगळवारी आलं. अख्खा दिवस मी भुंगीला समजावलं की आत्या चेटकीण नव्हे. जितकं समजावलं तितकी तिची खात्री पटत गेली. तिचं म्हणणं बरोबरच होतं, गोष्टीतल्या चेटकिणीबद्दलही आधी सगळं चांगलंच वाटतं. शेवटी मी म्हटलं, चल, आपण स्वतः जाऊन बघू. ती कबूल झाली, पण एका अटीवर, मी तिचा हात सोडायचा नाही. खिशात खडे घेतले, वाटेत टाकायला. पावाचे तुकडे टाकायचे नाहीत, पक्षी खातात, हे तिला पाठ आहे. दर कोपऱ्यावर एक खडा पडत गेला.

बेकरीत आत्या एकटी. आणि बाजूला बाकावर बसून चष्मेवाली बाई चहा पीत होती. आत्याचं म्हणणं न्यायला ती एक दिवस आधीच आलेली. उलटं फिरावं तर तेही तिच्या वहीत जाणार. मी भुंगीला घेऊन आत गेले आणि जे बोलायचं ते बाईसमोरच बोलले. आत्याला म्हटलं, तीळ मी लावला, भट्टी मी लावली, पोरीचा दोष नाही. म्हातारीला वाटलं आपलं पाखरू कुणी नेईल, म्हणून तिने घरट्यात काटे घातले, ते पाखरालाच टोचले. बाई लिहू लागली.

मग आत्या म्हणाली, भुंगी, भट्टी बघायचीय ना, ये, बघ. दोनपैकी एक विझवलेली होती, झाडायला काढलेली. माझा हात धरून पोर पुढे गेली. आत्याने लांब दांड्याचा झाडू घेतला, दार उघडलं आणि आत वाकली, खांद्यापर्यंत. आत किती अरुंद आहे, इथे पावाशिवाय काही मावत नाही, असं आतून सांगत होती. आवाज घुमत होता.

आणि भुंगीने माझा हात सोडला.

तिच्या मागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून. उंटे, ती गोष्ट कशी संपते ते तुला माहितीय. मला माहितीय. बाईला माहीत असावं, कारण तिची लेखणी थांबली होती. भट्टी थंड होती, आत्याला इजा झाली नसती. पण त्या क्षणी मला कळलं, भट्टीत काय जाणार होतं ते. तुझी भुंगी, माझं घर, आत्याचं मन, सगळं.

भुंगीने दोन्ही हातांनी आत्याच्या एप्रनची गाठ घट्ट पकडली आणि मागे ओढली.

"आत्या, इतकी आत नको वाकूस," ती म्हणाली, "लोक ढकलतात."

आत्या बाहेर आली ती नाकाच्या शेंड्यावर काजळी घेऊन, तीळ दिसेनासा झालेला. आधी हसली. मग पिठाच्या पोत्यावर बसली आणि जे रडली, ते भावाचं रडणं राहिलेलं होतं सगळं. भुंगीने तिचा हात उलटा करून बघितला. पिठाने पांढरा. मग ती मला म्हणाली की पीठ लांडग्यांच्या हाताला असतं आणि पाववाल्यांच्याही असतं, म्हणून नुसता हात बघून चालायचं नाही. मी इतकी वर्षं गोष्टी सांगते, हा भाग मला सुचला नव्हता.

आत्याने तिथेच म्हणणं लिहून बाईला दिलं. त्यात काय आहे ते मला दाखवलं नाही, आणि बाईही तो कागद पिशवीत घालून गेली. गुरुवार असा गेला की मी सुईत दोरा ओवू शकले नाही.

काल शुक्रवारी दार वाजलं. मी घरात, कडी भुंगीपाशी. तिने कोण विचारायच्या आधीच फटीतून हात आत आला. धुतलेला, अजून ओला. भुंगीने दार उघडलं.

मी ठरवलं होतं, तू सांगितलंस तसं हो किंवा नाही. तीन प्रश्नांपर्यंत निभावलं. चौथ्याला टोपलीचं सांगून बसले. बाईने टोपली वर ओढून बघितली, शिंपी खालून सलाम करत होता. मग तिने फाइलवाल्यांना कागद काढायला लावला आणि वाचून दाखवला. मूल आजीपाशी राहील. आत्याने अर्ज मागे घेतलाय. ज्या दिवशी माझं काम जास्त असेल, त्या दिवशी दुपारी भुंगी बेकरीत. आणि गोष्टींबद्दल एक ओळ आहे, त्या चालू ठेवाव्यात, मात्र ओळखीच्या माणसांची नाकं त्यात वापरू नयेत. असं कचेरीच्या कागदावर लिहिलंय, शिक्का मारायचा बाकी आहे.

भुंगी पुन्हा गुणगुणतेय. आत्या उद्या येते, तिला पाव मळायला शिकवणार आहे. बारीक आहे म्हणते, जरा अंगावर मांस चढवू. भुंगीला हे ऐकून क्षणभर शंका आली, मग तिने स्वतःच सोडून दिलं.

तीन महिने वरच राहा, आता मान दुखेल इतकं पुढे बघू नकोस. इकडे सगळं जागच्या जागी आहे. लोभ कुठे ठेवला होता तो सापडला, तुझ्या वाटणीचा जपून ठेवलाय.
तुझी आई

ता. क. शिक्का मारलेला कागद घेऊन माझी सही न्यायला चष्मेवाली बाई आणि फाइलवाले मंगळवारी, ता. २५ला, अकरा वाजता येतो म्हणाले. मी म्हटलं, या, जिन्याचा चुना तोवर वाळलेला असेल.